साखर उतरेना

१२ जानेवारी १९९८, सोमवार

सकाळी शाळा. तिसरी ब ला गुणाकार. फळ्यावर मी लिहिलेलं मलाच नीट दिसेना. पोरांना मोठ्याने वाचायला लावलं आणि त्यांच्या वाचण्यावरून पुढचं लिहीत गेले. त्यांना वाटलं बाईंनी नवीन पद्धत काढली.

अर्धी रजा टाकून दुपारी डोळ्याच्या डॉक्टरांकडे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे, डाव्यातला निम्मा. ऑपरेशनशिवाय इलाज नाही. आणि ऑपरेशन ते करणार नाहीत. उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर, जेवणानंतरची तीनशेला टेकलेली. म्हणाले, "एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावत नाही. जखम चिघळली तर डोळा कायमचा जाईल. आधी साखर उतरवून या." त्यासाठी सावेडीतल्या वृषाली डॉक्टरांचं नाव दिलं.

घरी आले. कुलूप चाचपून उघडलं. चहा ठेवला. सवयीने पाणी दोन कपांचं टाकलं होतं. एक कप ओतून दिला.

ही चौथीची दुरेघी वही आहे. रेघा लांब लांब आहेत म्हणून बरी पडते. बोलायला कोणी नाही म्हणून लिहिते असंही नाही. हे होते तेव्हाही मी कमीच बोलायचे.

१३ जानेवारी, मंगळवार

वृषाली डॉक्टर अगदी तरुण आहेत. पण घाईत नसतात. वजन केलं — ब्याऐंशी किलो. माझ्या उंचीला वीस किलो जास्त म्हणाल्या. साखर, गूळ, भात, बटाटा, केळी सगळं बंद. दोन वेळा ज्वारीची भाकरी, पालेभाजी. गोळ्या. रोज चालणं. "नीट पाळलंत तर तीन आठवड्यांत फरक दिसेल."

पाळीन. मला पाळायला अवघड काय आहे? स्वयंपाक करून घालायला कोण बसलं आहे?

१४ जानेवारी

संक्रांत. पोरांनी हातावर तिळगूळ ठेवला. मुठीत धरून घरी आणला आणि मुंग्यांना टाकला.

१८ जानेवारी, रविवार

चर्चला गेले. आम्ही दोघं बसायचो तो बाक मागून तिसरा. दोघंही जाड. तिसरा माणूस त्यावर मावायचा नाही. आता मी एकटी बसते तरी शेजारी कोणी येऊन बसत नाही. जागा ठेवतात. चांगुलपणानेच ठेवत असतील.

पदर तोंडाशी धरून गीतं म्हटली. सगळ्यांना वाटतं भिंगारदिवे बाई अजून रडतात. खरं कारण दुसरं आहे. ते फक्त इथे लिहिता येईल.

मी मिश्री लावते.

हे रोज सकाळी मागच्या दारात उभे राहून मिश्री लावायचे. दर रविवारी चर्चहून आल्यावर फुटक्या तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की चुरून डबीत भरायची. घरभर धूर. लावून झालं की बोट दाराच्या चौकटीला पुसायचे. मी तीस वर्षं त्यावरून बोलले. दर नाताळाआधी सोडा लावून ती चौकट घासायचे आणि घासताना पुन्हा बोलायचे.

सप्टेंबरात हे गेले. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, माळीवाडा स्टँडवर. ड्युटीवरच छातीत कळ आली. मला निरोप आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. महिनाभर पाहुणे होते. पाहुणे गेले, लेकीने, शॅरनने, ह्यांचे कपडे धुऊन वाटून टाकले, आणि एका सकाळी लक्षात आलं की घराला वासच राहिलेला नाही. कसलाच नाही. मी तवा काढला. डब्यात उरलेली तंबाखू भाजली. नुसत्या वासासाठी. मग चिमूटभर बोटावर घेतली. बरेच दिवस दाढेकडची हिरडी ठणकत होती, ती गप्प झाली. तेव्हापासून रोज लावते. बोटसुद्धा चौकटीलाच पुसते. हात आपोआप तिकडे जातो.

वर्गात पोरांचे दात तपासणारी बाई मी. कोणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून पदर.

या नाताळात चौकट घासली नाही. काहीच केलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. झेंडा वर गेला तो मला रंगांचा एक डाग दिसला.

नंतर साळवे सरांनी ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापक असले तरी माझ्यापेक्षा लहान आहेत, त्यामुळे त्यांना बोलायला जड गेलं. "बाई, वार्षिक परीक्षेपर्यंत मी सांभाळून घेतो. पण जूनला फळा दिसला पाहिजे. नाहीतर संस्था म्हणेल, आजारपणाची निवृत्ती घ्या." मी बरं म्हटलं. निवडणुकीच्या कामातूनही माझं नाव काढलं आहे. स्टाफरूममध्ये म्हणाले, बाईंची मजा आहे.

निवृत्ती घेतली तर पुण्याला शॅरनकडे जावं लागेल. तिने हडपसरच्या घरात माझ्यासाठी खाटसुद्धा टाकून ठेवली आहे. जावई चांगले आहेत. तक्रार काही नाही. पण मला इथे राहायचं आहे. का, ते नीट सांगता येत नाही. मागचं दार इथे आहे, एवढंच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तपासणीचा कागद आला. वजन दोन किलोंनी कमी. साखर होती तिथेच. उलट थोडी चढलेली.

वृषाली डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "बाई, मी रागावणार नाही. खरं सांगा, काय खाता?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"चहा?"

"बिनसाखरेचा."

"आणि लपवून काही?"

मी खाली बघितलं. लपवून काही होतंच ना. ते खाणं नव्हतं, पण माझा चेहरा चोरासारखा झाला असणार. त्यांनी तो पाहिला. गोळ्या वाढवून दिल्या.

ह्यांचंही असंच व्हायचं. ह्यांना आठ वर्षं साखर होती आणि ती कधी उतरलीच नाही. स्टँडवर चहाची गाडी ह्यांच्या केबिनला खेटून. डॉक्टर म्हणायचे पीत असणार, शॅरन म्हणायची पीत असणार, ह्यांच्या बहीण आक्का तर तोंडावर हसायच्या. हे मला एवढंच म्हणायचे, "एलिझा, मी शपथ घेत नाही. आपल्यात घेत नाहीत. पण साखर मी सोडलीय." मी कधी स्टँडवर जाऊन बघितलं नाही. मानलं.

आज घरी येताना रिक्षात वाटलं, मी ह्यांचं मानलं. माझं मानायला घरात कोणी नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

शॅरन काल आली. डॉक्टरांना भेटून आली होती, मला न सांगता. आल्या आल्या बॅग ठेवली आणि स्वयंपाकघरात शिरली. एकेक डबा खाली काढला. नाताळात लोकांनी पाठवलेल्या करंज्यांचा डबा सापडला. तळाशी चार उरलेल्या.

"आई, हा डबा भरून आला होता. मी स्वतः बघितलाय."

"वर्गात पोरांना वाटल्या."

"कधी?"

"जानेवारीत. शाळा उघडली तेव्हा."

"सगळ्या?"

हो सगळ्या, म्हणून परत कशाला सांगायचं? तिने चार करंज्या कागदात बांधून बाहेर टाकल्या.

आज सकाळी मी मागच्या दारात असताना ती मागून आली. मी डबी घाईने ओच्यात घातली. तोंडात मिश्री, त्यामुळे बोलताही येईना. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

"काय होतं तुझ्या तोंडात?"

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आले तर ती रडत होती. "पप्पांचंही असंच होतं. 'मी खाल्लं नाही, मी खाल्लं नाही', आणि गेले. आता तू. मी कितीदा नगरला धावत येऊ?"

तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण हाताला वास होता. ठेवला नाही.

९ फेब्रुवारी

शॅरन सकाळच्या गाडीने गेली. जाताना साखरेचा डबा बरोबर घेऊन गेली. पाहुण्यांसाठी ठेवला होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

आक्का आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, भागिरथी. राहुरीच्या पुढे राहतात. दारातच थबकल्या आणि नाक वर केलं.

"आगं, ह्यो तर माझ्या भावाचा वास हाय."

मी तासाभरापूर्वीच तंबाखू भाजली होती. खिडक्या उघडल्या होत्या, पण आक्कांच्या नाकाला काय फसवणार? त्या स्वतः लहानपणापासून लावतात.

"तू लावतीस व्हय? मास्तरीनबाई?"

मान हलवली.

आधी हसल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला. "सूर्यभानला आयुष्यभर नाक मुरडलंस, आन आता त्याच्याच डबीत बोट घालतीस?" मग पदराने डोळे पुसले. "दाव कुठं हाय डबी. मीबी लावती."

दोघी मागच्या दारात उंबऱ्यावर बसलो. बोलता येत नाही ना त्या वेळी. बरं वाटलं. किती दिवसांनी कोणाजवळ तरी बसून गप्प होते.

चूळ भरल्यावर म्हणाल्या, "पोरगी सांगत हुती, लई गोड खातीस म्हनं."

"नाही खात, आक्का."

"सूर्यभानबी असंच म्हनायचा." आणि गुडघ्यावर थाप मारून पुन्हा हसल्या.

जाताना तंबाखूची पुडी ठेवून गेल्या. "संपली की निरोप धाड. शॅरनला काय मी सांगत न्हाई. मलाच वरडंल ती."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस लिहिता आलं नाही. ताप. उजवा गाल सुजून टम्म. मिश्री लावली की ठणका कमी होतो, म्हणून दिवसातून चारचारदा लावली. शाळेत पदर घट्ट बांधल्यासारखा धरून गेले. काल वर्गातल्या माधुरीने विचारलं, "बाई, तुमाला कुनी मारलं का?"

आज वृषाली डॉक्टरांकडे. साखर आणखी चढलेली. खाणं तर नावाला होतं, चावताच येत नव्हतं. डॉक्टर कागदाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"तीन दिवस काय खाल्लंत?"

"ताक. भाकरीचा काला, थोडा."

"पदर काढा."

मी धरून ठेवला.

"बाई, पदर काढा. आ करा."

काढला. त्या वाकल्या आणि टॉर्च लावला. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. माझे डोळे मिटलेले. कानावर फक्त पंख्याचा आवाज.

"मिश्री?"

हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी परक्याने विचारलं आणि मी हो म्हटलं.

वाटलं आता रागावतील. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. दोनदा आलात, दोनदा मी पोटाबद्दलच विचारलं. तोंड उघडून बघितलं नाही." मग समजावून सांगितलं. लक्षात राहिलं तेवढं लिहिते.

तीन दाढांच्या मुळाशी पू आहे, पुष्कळ दिवसांचा. मिश्रीने हिरडीतलं रक्त आटतं आणि ती बधिर होते. रक्त येत नाही, दुखत नाही. आपल्याला वाटतं औषध लागू पडलं. आत कुजत राहतं. पू असला की अंगात सूज राहते. गालावरची ही सूज नव्हे — सगळ्या अंगाला बारीक, न दिसणारी. तशात अंगावर चरबी जास्त असली की तीही नुसती पडून राहत नाही, तीही आतून थोडी धुमसत असते. असं नवीन निघालं आहे म्हणे, त्यांच्या परदेशी मासिकात येतं. म्हणजे माझ्या अंगात दोन ठिकाणी धूर आहे. आणि असं असलं की इन्सुलिनचं काम होत नाही.

"इन्सुलिन तुमच्यात आहे हो. पण वर्गात गोंगाट असला तर तुमचं कोणी ऐकतं का? तसं झालंय. पेशी ऐकत नाहीत. साखर रक्तातच फिरत राहते. मग तुम्ही खा नाहीतर उपाशी राहा."

मी विचारलं, "म्हणजे न खाता पण साखर चढते?"

"न खाता पण उतरत नाही, असं म्हणू. सगळंच दातांनी होतं असं नाही. पण तुमचं बरंचसं हेच असणार."

अँटिबायोटिक दिलं. ताप उतरला की दातांच्या डॉक्टरांकडे. आणि मिश्री बंद. "ती चालू ठेवलीत तर हिरड्या भरायच्या नाहीत."

उठताना त्यांनी माझा हात धरला. "तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

घरी आले. कोणाला सांगू हे, म्हणून दोन खोल्यांतून फिरले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. ह्यांचे दात.

पन्नाशीतच समोरचे हलायला लागले होते. पेरू फोडी करून द्यावा लागायचा. उशीला कधी कधी पिवळा डाग असायचा. फोटोत कधी दात दाखवून हसले नाहीत. आणि आठ वर्षं साखर उतरली नाही. ह्यांच्या डॉक्टरांनीही तोंड कधी बघितलं नाही, चहाच मोजला. वजनही माझ्यासारखंच.

सकाळी तशीच उठून सावेडीला गेले. नंबर नसताना आत गेले. मी अशी कधी जात नाही. उभ्यानेच विचारलं, ह्यांचं हेच असेल का?

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "असू शकेल. पण बाई, मी त्यांना तपासलं नाही. आता नक्की कोणीच सांगू शकणार नाही."

"माझी उतरली तर?"

"तुमची उतरली तर तुमचं कळेल. एका माणसावरून दुसऱ्याचं सिद्ध होत नाही."

बरोबर आहे त्यांचं.

२२ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून आले. तवा काढला. पुडी सोडली. भाजायला बसले तेव्हा वाटलं, आज शेवटची. धूर झाला. भिंतीला टेकून बसून राहिले. धूर डोळ्यांत जाईपर्यंत.

आणि मग लावली. ताप उतरला आहे, गाल निवळला आहे. दाढ काढली की हिरडी बरी होणार आणि हे बंद करावं लागणार. बंद केलं की घर पुन्हा ऑक्टोबरातल्यासारखं. बिनवासाचं. डोळा मिळून मी काय बघणार आहे?

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज लावताना विचार आला. आठ वर्षं हे खरं बोलत होते, आणि ते जगात फक्त मला माहीत आहे. तेही मी मानलं म्हणून. माझी साखर उतरली तर निदान शॅरनपुढे एक गोष्ट ठेवता येईल. नाही उतरली तर तिच्या मनात तिचे पप्पा चोरून चहा पिऊन गेले, असंच राहणार.

उद्या दातांच्या डॉक्टरांकडे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चितळे रोडवरचा दवाखाना. दोन दाढा काढल्या, तिसरी वाचेल म्हणाले. सगळ्या हिरड्या खरवडून साफ केल्या. अजून दोनदा जायचं आहे. डॉक्टर गमत्ये आहेत. खरवडताना म्हणाले, "बाई, इथे तर अख्खी तंबाखूची वखार आहे. कुठल्या व्यापाऱ्याकडून घेता?" मला हसू आलं, पण तोंडात त्यांची हत्यारं.

रक्त थांबेपर्यंत कापूस धरून बाकावर बसले. बाकीच्यांबरोबर कोणी ना कोणी आलेलं होतं. कंपाउंडरने विचारलं, "कोन हाय बरोबर?" मी मान हलवली. त्याने रिक्षापर्यंत हात धरून नेलं.

डबी आणि उरलेली पुडी आक्कांना पाठवून दिली, त्यांच्या गावच्या दूधवाल्याबरोबर. तवा मोरीत ठेवला.

२६ फेब्रुवारी

मीठपाणी. मीठपाणी. मीठपाणी.

१ मार्च, रविवार

चर्चला पदर न धरता गेले. तोंड धुतल्यासारखं हलकं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

परत आल्यावर काय करावं सुचेना. रविवारची ती वेळ भाजण्याची असते. तव्याशी गेले, परत आले. शेवटी चालायला बाहेर पडले. भिंगारच्या रस्त्याने चर्चचं फाटक पुन्हा दिसेपर्यंत.

७ मार्च

मागचं दार आठ दिवस उघडलंच नाही. कचरा पुढून नेते.

१५ मार्च, रविवार

आक्का आल्या. डबी परत पाठवली म्हणून रुसल्या होत्या. सगळं सांगितलं. पू, सूज, साखर. त्यांना गोंगाटाचं लगेच पटलं. "तुमच्या साळंत मी आलेली हाय, कळतंय मला."

"तुम्ही पण सोडा, आक्का."

"आता काय सोडू? दात ऱ्हायलं किती? दोन. त्यास्नी तरी सुखानं जगू दे."

मग बाहेर बघत म्हणाल्या, "सूर्यभानच्या तोंडालाबी वास यायचा गं पूचा. आमी म्हनायचो मिसरीचा हाय."

 

२७ मार्च, शुक्रवार

उतरली.

उपाशीपोटीची एकशे अठरा. जेवणानंतरची एकशे सत्तर. वजन फक्त साडेतीन किलोंनी कमी. गोळ्या वाढवल्या होत्या त्या डॉक्टरांनी मागेच पहिल्याएवढ्या केल्या होत्या. खाणं तेच, जानेवारीपासून तेच. बदललं ते तोंड.

वृषाली डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, मग माझ्यापुढे सरकवला, जसं मी हुशार पोराची पाटी फिरवून वर्गाला दाखवते. "जा आता डोळा काढायला," म्हणाल्या. मग जीभ चावली. "करायला, करायला."

संध्याकाळी एस.टी.डी. बूथवरून शॅरनला फोन. आकडे सांगितले. ती म्हणाली, "बघ, नीट पाळलंस की उतरते ना?"

"पाळत मी आधीपण होते. दाढांत पू होता. मी मिश्री लावायचे, त्यामुळे कळलं नाही. डबी लपवली होती, करंज्या नाही."

"तू? मिश्री?"

"हो. पप्पांच्या डबीतली."

बूथवाल्या पोराने माझ्याकडे बघितलं. मीटरच्या काचेवर पैशांचे आकडे पुढे चालले होते, मला ते दिसत नव्हते, नुसतं लाल काहीतरी हलत होतं.

मग शॅरनने हळू विचारलं, "आई... पप्पांचे दात पण हलत होते ना?"

"हो."

"म्हणजे पप्पा खरं बोलत होते?"

"डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येणार नाही."

"तू काय म्हणतेस?"

"मी आधीपासून तेच म्हणत होते."

ती रडायला लागली. मी रिसीव्हर कानाला धरून उभी राहिले. तिला ऐकू येईल इतकाच श्वास घेत राहिले. दुसरं काय करणार, फोनवर?

१२ एप्रिल, रविवार

ईस्टर. पहाटे सगळ्यांबरोबर कबरस्तानात गेले. शॅरन, जावई, आक्का. मेणबत्त्या लावल्या. वारा होता, आक्कांची तीनदा विझली. चौथ्यांदा लावताना त्या दगडाकडे बघून म्हणाल्या, "तू ग्वाड च्या प्यायला न्हवतास रं. आमीच लई श्यानं." एवढंच. मग हात झाडून उभ्या राहिल्या.

शॅरन माझा हात धरून होती. या वेळी माझ्या हाताला कसलाच वास नव्हता.

२१ एप्रिल, मंगळवार

(शॅरनकडून लिहून घेते आहे.) उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, छान झालं, साखर ताब्यात होती म्हणून. वाकायचं नाही, रडायचं नाही. आई म्हणते, पुढचं लिहू नकोस.

३ मे, रविवार

मी स्वतः लिहिते. दुसऱ्या डोळ्याने, थोडंसं. उजव्यात अजून औषध घालतात, हिरवा चष्मा लावून घरात बसायचं. डोळ्यावरची जाळी परवा सुटली, पण शॅरन मला उजेडात जाऊ देत नाही. घरातलं सगळं तीच करते. पुण्याचं पुन्हा निघालं. म्हटलं, जूनला फळा दिसणार आहे. ती म्हणाली, "बरं बाई." मग म्हणाली, "चष्मा निघाला की तुझं घर एकदा नीट बघ. किती घाण झालंय ते तुला दिसतच नव्हतं."

७ मे, गुरुवार

शॅरन काल गेली. सकाळी उठले, चहाला एक कप पाणी टाकलं आणि मागचं दार उघडलं. ऊन आत आलं. चष्मा काढला.

चौकटीवर, माझ्या डोक्याच्या वर, बोटाच्या रुंदीचा एक काळा पट्टा. एकावर एक, एकावर एक पुसलेला. हे उंच होते. त्याच्या खाली, माझ्या खांद्याशी, दुसरा. लहान, कोवळा. तो माझा.

बादलीत सोडा घातला. खालचा पट्टा घासून काढला, चौकटीचा आकाशी रंग दिसेपर्यंत. वरच्याला हात लावला नाही. फडका पिळून दोरीवर वाळत टाकला.